फरशी बसवून घेताना



घर बांधताना आपण पाया पाहतो, भिंतीचा ओळंबा पाहतो, स्लॅबला लोखंड किती लागेल याची चौकशी चार जणांकडे करतो. फरशीची पाळी येते ती अगदी शेवटी. तोवर हातातला पैसा संपत आलेला असतो, वास्तुशांतीची तिथी धरलेली असते, पाहुण्यांना निरोप गेलेले असतात. मग "किती दिवसांत उरकाल?" एवढा एकच प्रश्न विचारून आपण हे काम कोणाच्या तरी हवाली करतो. आणि हे काम तर असे आहे, की ते बिघडले म्हणजे डागडुजी करता येत नाही, उखडावेच लागते. फरशी जाते, मजुरी जाते, खालचा माल जातो. शाळेच्या खोलीची फरशी करायची झाली, की हीच पाळी आमच्या मुख्याध्यापकांवर येते. म्हणून आज एवढ्याच कामाविषयी बोलावे म्हणतो.

दुकानात आपण फरशीचा रंग पाहतो, चकाकी पाहतो. पण फरशी टिकते ती खालच्या भरावाच्या जोरावर. जोत्यात भर घालताना शेजारच्या शेतातली काळी माती टाकण्याची आपल्याकडे खोड आहे. फुकट मिळते ना! ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाऊल जाते. तीच माती घरात कोंडली, म्हणजे दोन पावसाळ्यांत फरशी कुठे खचते, कुठे वर येते आणि दोष मात्र बसवणाऱ्याला लागतो. भर मुरमाची घालावी. अर्ध्या फुटाचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. असे करीत वर यावे आणि शेवटी काँक्रीटचा कोबा करावा. ठेकेदार कितीही कुशल असो, पोकळ भरावावर त्याचे काही चालत नाही.

आता फरशीची जात. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादकडची आणि कोटा राजस्थानातला. दोन्ही चुनखडीचेच दगड. संडास धुण्याचे ॲसिड त्यांच्यावर ओतू नका, ते दगड खाते. खोक्यांतून येणाऱ्या टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीच्या. त्यांत भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते. ती भिजवून, निथळून मगच सिमेंटच्या मालात बसवतात. नाही तर मालातले पाणी तीच ओढून घेते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही, तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. तिला पिंपात बुडवून काही साधत नाही आणि नुसते सिमेंट तिला घट्ट धरीत नाही. जमिनीवर ती भरगच्च मालावर निभावते, पण भिंतीवर लावायची तर चिकटवण्याची तयार पूडच हवी. त्या पोत्यावर आय. एस. १५४७७ हा मानकाचा आकडा पाहून घ्यावा.

खोकी किती आणायची? हे गणित गुरुजींनी वर्गात जरूर घालावे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. टाइल "दोन बाय दोन"ची, खोक्यात चार. मुले चटकन म्हणतील, एका खोक्यात १६ चौरस फूट. पण ही टाइल खरी ६० सेंटिमीटरची असते, दोन फुटांना थोडी कमी. तेव्हा खोके भरते साडेपंधरा चौरस फुटांचे. तुटफूट व कापाकापी यांसाठी दहा टक्के धरा. १३२ चौरस फूट झाले. त्याला साडेपंधरांनी भागले, की साडेआठ खोकी, म्हणजे नऊ आणावी लागतात. सगळी एकाच वेळी आणा आणि प्रत्येक खोक्यावरचा शेडचा नंबर जुळवून घ्या. मागाहून आणलेल्या खोक्याचा रंग किंचित निराळा निघतो आणि तो उन्हात नेमका डोळ्यांवर येतो.

आता ठेकेदार. त्याचे कालपरवा पुरे झालेले काम पाहू नका. नवे काम सगळेच छान दिसते. ज्यावरून दोन पावसाळे गेले आहेत असे घर दाखवायला सांगा, आणि तिथल्या बैठकीत न बसता सरळ मोरीत जा. घरधनिणीला विचारा, पाणी कुठे साचते का? ती खरे सांगेल. ठेकेदाराला एवढेच विचारा, की प्रत्यक्ष थापी कोणाच्या हातात असणार? बोलणी एकाशी आणि काम भलत्याकडून, असे पुष्कळदा होते.

दर ठरवताना नुसते "चौरस फुटाला इतके" म्हणून थांबू नये. भांडणे होतात ती न बोललेल्या गोष्टींवरून. स्कर्टिंगचे माप धावत्या फुटावर की चौरस फुटात? पायऱ्यांचे निराळे किती? जुनी फरशी कोण उखडणार, राडारोडा कोण नेणार? वाळू-सिमेंट कोणाचे? कापताना फुटलेली टाइल कोणाच्या माथी? वहीच्या पानावर हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीचा माणूस असला, तर लिहायला संकोच वाटतो खरा. पण ओळख टिकवायची असेल तर लिहावेच. आपलीही बाजू सांभाळा. पाण्याची आणि विजेची सोय न करता मिस्त्रीला बसवून ठेवायचे, अर्ध्यावर नक्षी बदलायची आणि वर मजुरीत घासाघीस करायची, हे बरे नव्हे.

काम सुरू झाले, की घरातल्या कोणीतरी जवळ असावे. माझीच गोष्ट सांगतो. न्हाणीघराची फरशी बसली त्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी येऊन पाहिले, चकचकीत! सगळे पैसे चुकते केले. सकाळी पहिली बादली ओतली आणि पाणी जाळीकडे न जाता स्वयंपाकघरात शिरले. मिस्त्री पुन्हा फिरकला नाही. पण ढाळ कुठे हवा हे मी तरी त्याला कुठे सांगितले होते? ढाळ फुटाला पाव इंच असावा. सहा फुटांच्या न्हाणीघरात दीड इंच झाला. सांधे भरण्यापूर्वी, माल आवळल्यावर, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतून पाहा.

दुसरे पाहायचे ते फरशीखालचा माल. घाईत काही जण चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक ठेवून टाइल दाबतात. वरून कळत नाही, पण मधली जागा पोकळ राहते आणि धान्याच्या कोठीचा पाय तिथे टेकला, की तडा जातो. माल सगळीकडे सारखा पसरलेला हवा. तसेच टाइल टाइलीला भिडवू नये. उन्हाने ती फुगते, आणि जागा न मिळाली तर चक्क उचलली जाते. दोन मिलिमीटर सांधा ठेवायला सांगा. त्यासाठी प्लॅस्टिकचे छोटे फुल्ले मिळतात. जुन्या फरशीवर नवी घालणार असाल, तर दारे उघडतील ना, हे आधी पाहा.

पैसे कामाच्या मानाने द्यावेत आणि शेवटचा हप्ता हातात राखावा. फरशी सुकली, की नाणे घेऊन एकेक टाइल वाजवून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक; मडक्यासारखी पोकळ वाजली, तर तिच्यावर खडूने फुली करा. त्या फुल्या मिस्त्रीला दाखवाव्यात आणि तेवढ्या टाइल्स बदलून झाल्यावर हिशेब पुरा करावा. उरलेल्या चार-दोन टाइल्स टाकून देऊ नका. खोक्याच्या ज्या तुकड्यावर शेडचा नंबर आहे, तो पावतीबरोबर त्यांनाच बांधून माळ्यावर ठेवून द्या.