भोंगा कोणी वाजवायचा?



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे, हा रिवाज आहे. आमच्यापाशी विद्वत्ता नाही. शिक्षण आश्रमशाळेत सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, इंग्रजी-मराठी कोश मांडीवर घेऊन कारखाना कायदा वाचताना. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "रसायनांच्या कारखान्यात वायू सुटला किंवा आग लागली, तर कोणी काय करायचे, ह्यावर बोलू." चिटणीस क्षणभर गप्प झाले. जव्हारात असले कारखाने नाहीत, मग श्रोते येतील कशाला, अशी त्यांची शंका असावी.

जव्हारात असला कारखाना नाही हे खरे. पण कारखान्यात जव्हार आहे. बोईसरच्या कोणत्याही चाळीत जा आणि हाक मारा. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची चार पोरे खोलीबाहेर येतील. पूर्वी आपली माणसे वीटभट्टीवर, मिठागरावर, रेतीवर जात. ती अजूनही जातात, पण जी थोडी शिकली ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागतात, बहुतेक ठेकेदाराकडे. ११ जानेवारी २०२० रोजी त्याच वसाहतीत एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसे गेली. संध्याकाळची वेळ होती. कित्येक मैल आवाज गेला. तेव्हा हा विषय आपल्या घरचा आहे.

आम्ही दाभोशाचे. लेंडी नदीचा धबधबा आपण पाहिलाच असेल. श्रावणात त्याच्या काठाशी उभे राहिले तर शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. तिथे आम्ही लहानपणापासून हातानेच बोलतो. आणि फाल्गुन-चैत्रात माळाला वणवा लागतो, तेव्हा पाड्यावर कोणी सभा भरवत नाही. कोणी ओल्या फांद्या तोडायला धावतो, कोणी गुरे सोडतो, कोणी कोयत्याने सुक्या गवताचा पट्टा काढतो, म्हाताऱ्या बाया पोरे मोजतात, आणि एक जाणता माणूस काहीच न करता नुसता वाऱ्याकडे बघत उभा असतो. तो माणूस नाशकाकडे द्राक्षाच्या कामाला गेला असेल, तर त्याच्या जागी कोण उभा राहणार हेही ठरलेले असते. कोठे लिहिलेले नाही, पण प्रत्येकाला ठाऊक असते.

कारखान्यात नेमके उलट आहे. तिथे सगळे लिहिलेले असते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात एक नवा भाग घातला गेला. घातक प्रक्रियेच्या कारखान्याने आपत्कालीन योजना तयार करावी, ती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही सांगावी, सुरक्षा समितीत कामगार घ्यावेत, आणि कामगाराला धोका नजीक दिसला तर तो बोलून दाखवण्याचा हक्क असावा, असे त्यात होते. १९८९ च्या नियमांनी, घातक रसायनांचे मोठे साठे असणाऱ्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी योजनेचा सराव बंधनकारक केला. कारखाना कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे; ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि ह्या गोष्टी तिच्यातही आहेत. कायद्याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती फायलीविषयी. अशी फाईल आम्ही पुष्कळदा वाचली आहे. पहिल्या पानावर मुख्य नियंत्रक, म्हणजे वर्क्स मॅनेजर. मग घटनास्थळाचा नियंत्रक, अग्निशमन पथकाचा प्रमुख, प्रथमोपचाराचा प्रमुख, दळणवळणाचा प्रमुख. सगळे प्रमुख. त्यांपैकी बहुतेक साहेब संध्याकाळी सहाला घरी जातात आणि रविवारी येत नाहीत. वायूला हे वेळापत्रक कोणी कळवलेले नसते. भोपाळचा वायू मध्यरात्रीनंतर सुटला. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला स्टायरिनची वाफ सुटली तीही पहाटे तीनच्या सुमारास. तेव्हा हजर असतो तो पाळीचा इन्चार्ज, दोन-तीन ऑपरेटर, दहा-बारा ठेक्याचे हेल्पर आणि फाटकावरचा वॉचमन. फायलीत ह्यांची नावे शोधा. सापडली तर आम्हांस कळवा.

विशाखापट्टणमच्या चौकशी समितीने जे नोंदवले ते आम्ही दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. त्या कारखान्यात भोंगा वाजवता येईल अशी ३६ ठिकाणे होती. भोंगा वाजला नाही. छत्तीस बटणे, आणि ते दाबण्याचा अधिकार आपला आहे असे वाटणारा एक हात नाही! भोपाळला तर लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. आणि जिथून वायू सुटला त्या विभागात पाळीची माणसे त्याआधीच बारावरून सहावर आणली होती. नेमून दिलेली कामे अंगावर घ्यायला मुळात माणसे तरी हवीत की नकोत?

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय ह्या व्यासपीठावर बसण्याचा आम्हांला अधिकार नाही.

वीस-बावीस वर्षे झाली. कारखान्याचे नाव घेत नाही. आम्ही तिथल्या युनियनचे चिटणीस होतो आणि सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी. नवी आपत्कालीन योजना आली, चहा झाला, आम्ही सही केली. तीन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, रात्रपाळीला क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरचा सांधा सुटला. इन्चार्जने भोंगा वाजवण्यासाठी साहेबांच्या घरी फोन लावला, तो लागेना. त्यात सात-आठ मिनिटे गेली. मग माणसे आपण होऊन फाटकाकडे पळाली, कारण एकत्र जमण्याची जागा तिथे ठरलेली होती. त्या रात्री वाराही फाटकाकडेच वाहत होता. तिथून ती खोकत, डोळे चोळत रस्त्यावर गेली. हजेरीबुक आणून मोजणी केली. ३१ कायम कामगार, ३१ हजर. "सगळे आले," असा निरोप गेला.

ठेकेदाराचे हजेरीबुक ठेकेदाराच्या खोलीत होते, आणि खोलीला कुलूप होते.

सकाळी साडेसहाला ठेकेदाराचा माणूस आला, कुलूप उघडले, तेव्हा चार नावे निघाली. तिघे मागच्या भिंतीवरून उडी टाकून गेले होते. ते चाळीत सापडले. चौथा पिंपांच्या मागे खोलगट जागेत सापडला. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो पाण्यासारखा खोलात उतरतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, आमच्याच बाजूच्या पाड्यावरचा. खाली बसून राहावे की उंचावर चढावे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो युनियनचा सभासद नव्हता, म्हणून आम्हीही सांगितले नव्हते. आम्ही त्याला घरी घेऊन गेलो. त्याच्या आईने एकच विचारले, "तो आत राहिलाय, हे तुम्हांला कधी कळले?"

त्यानंतर आम्ही मागणीपत्रात पगाराच्या खाली नव्हे, तर पगाराच्या वर काही गोष्टी लिहू लागलो. कामगारच आम्हांला हसत. सांगतो त्या कोणत्या.

पहिली भोंग्याची. जो पाहील तो वाजवील. परवानगी नाही, फोन नाही. आणि खोटा ठरला तरी शिक्षा नाही, हे करारात लेखी. मालकपक्षाचा आक्षेप असा की पोरे उगीच वाजवतील. जिथे हे कलम आले तिथे इतक्या वर्षांत भोंगा चुकून दोनदा वाजला. एकदा वाफेला धूर समजून. त्या हेल्परला सर्वांसमोर चहा पाजायला आम्ही मॅनेजरसाहेबांना भाग पाडले. कॉम्प्रेसरच्या खोलीत मात्र भोंगा ऐकूच येत नाही. तिथे दाभोशाच्या काठचा न्याय, म्हणजे डोळ्यांना दिसणारा फिरता दिवा लागतो.

दुसरी फळ्याची. पाळी सुरू होताना खडूने नावे लिहायची: आज झडप बंद करणार कोण, मोजणी कोण करणार, जखमी उचलणार कोण, आणि तो आला नसेल तर बदली कोण. हुद्दा लिहायचा नाही, नाव लिहायचे. हुद्दा रजेवर गेला तरी कागदावर हजर असतो. आणि हे मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत ती पाळी बोलते त्या भाषेत.

तिसरी बिल्ल्यांची. फाटकातून आत जाणारा प्रत्येक जण, कायम, ठेक्याचा, टँकरचा ड्रायव्हर, कँटीनचा पोऱ्या, आपला बिल्ला फळीवर अडकवील आणि बाहेर जाताना काढील. मोजणी हजेरीबुकावरून नाही, फळीवरून. ह्याला खर्च किती? एक फळी आणि पेटीभर खिळे. ही फळी मिळवायला आम्हांला एका ठिकाणी दोन वर्षे लागली, कारण ठेक्याचे खरे किती लोक आत आहेत ते फळीवर दिसते!

वॉचमनविषयी जरा बोलले पाहिजे. रात्री बाहेरच्या जगाशी बोलणारा तोच एक, आणि त्याला काय सांगितलेले असते? विनापरवाना कोणाला सोडू नकोस. मग अग्निशमनाचा बंब येतो आणि हा चावी शोधतो. त्याच्या खोलीत तीन ओळी असाव्यात: फोन कोणाला करायचा, कोणते रसायन कोठे आहे, आणि वारा पाहून बंब कोणत्या फाटकाने घ्यायचा. जमण्याच्या जागाही दोन हव्यात, विरुद्ध दिशांना. छपरावरची वाऱ्याची पिशवी पाहायची आणि वाऱ्याला आडवे पळायचे. भोपाळला कित्येक लोक वाऱ्याबरोबर पळाले. वायूही त्यांच्याबरोबर पळत होता.

आता सर्वांत अवघड भूमिका. टाकीत साफसफाईला उतरलेला माणूस कोसळतो, वरचा मित्र त्याला काढायला उडी घेतो, तो कोसळतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वर्षातून किती वेळा वाचतो! तिघेही चांगलीच माणसे. आपल्याकडे भावासाठी उडी न घेणाऱ्याला भ्याड म्हणतात. म्हणून आम्ही प्रत्येक पाळीला एक माणूस नेमा म्हणतो, ज्याचे काम दारात आडवे उभे राहणे एवढेच. पाठीवर हवेचा सिलिंडर असल्याखेरीज आणि जोडीदार असल्याखेरीज कोणालाही आत सोडायचे नाही, सख्ख्या भावालाही नाही. ह्या कामाला धट्टाकट्टा, वडीलधारा, थोडा तिरसट माणूस लागतो. हे काम घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही.

सराव बहुधा दुपारी अकराला होतो, निरीक्षक आलेले असताना, इस्त्रीच्या कपड्यांत. गेल्या वर्षी एका कारखान्यात आम्ही हट्टाने रात्री अडीचला घ्यायला लावला. भोंगा एका हेल्परने वाजवला, विक्रमगडकडचा पोरगा, हात थरथरत होता. फळीवर ४३ बिल्ले, माणसे जमली ४१. अकरा मिनिटांनी कळले की एक गोणींच्या मागे झोपला होता आणि दुसरा कॉम्प्रेसरच्या खोलीत होता. तिथला दिवा बिघडलेला होता. सहा महिन्यांनी पुन्हा घेतला, तेव्हा मोजणी चार मिनिटांत जमली. तिसरा सराव भर पावसात घ्यायचा ठरले आहे. पावसात वाऱ्याची पिशवी भिजून लोंबते आणि वारा कोठला ते कळत नाही. त्यावर काय करायचे, ह्याचा विचार सध्या तिथल्या वॉचमनने चालवला आहे.