चाकाची कुणी

(१९९१ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल. पण अमेरिका किती छान आणि शाळेची किती आठवण येते, हे नको. त्यावर चार जण बोलणार आहेत." मग बोलायचं काय, हा प्रश्न काल रात्री जेवणाच्या पंगतीत सुटला. आपल्यातल्या एकाने नवी फोर बाय फोर घेतली आहे. तो म्हणाला, "तुझ्याकडे तो उंच केलेला ट्रक आहे ना? मला पण मोठे टायर टाकायचेत. कुठले घेऊ सांग." मी म्हटलं, पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, उद्या माइकवर सांगतो. तर आजचा विषय चाक आणि टायर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही ऐका, कारण यात आपल्या गणिताच्या सरांचा आणि माझ्या अण्णांचा संबंध आहे.

अण्णांना तुम्ही ओळखत होतात. शाळेच्या मागच्या गल्लीत आमचं सुतारकाम. बैलगाडीचं चाक अण्णा बांधायचे आणि त्यावर लोखंडी धाव चढवायची ती शेजारच्या लोहाराकडे. धाव चाकापेक्षा किंचित लहान असायची. ती भट्टीत लाल केली की फुगायची, मग चाकावर बसवून वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा आणि आकसलेली धाव आरे, तुंबा सगळं करकचून आवळायची. विज्ञानाच्या बाईंनी उष्णतेने होणारं प्रसरण शिकवायला आख्खा वर्ग तिथे आणला होता, आठवतं? पुढे रबरी टायरच्या, आपण ज्यांना डनलॉप म्हणायचो त्या गाड्या आल्या आणि अण्णांचं चाकाचं काम हळूहळू बंद झालं. त्यामुळे आमच्या घरात टायर या वस्तूबद्दल फारसं प्रेम नव्हतं.

मी २००६ साली डेन्व्हरला गेलो. गावाबाहेर पडलं की समोर रॉकी पर्वत. तिथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. पुढे पाच माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा असतो. मी जुना फोर्ड एफ-१५० घेतला. मुलाला घेऊन डोंगरात तंबू ठोकायला जायचं, हा उद्देश. एक-दोनदा पोट खडकाला घासलं, आणि मी ठरवलं की गाडी उंच करायची. तीन इंचांचं लिफ्ट किट बसवून घेतलं. आता एवढ्या उंच गाडीखाली जुने टायर म्हणजे धिप्पाड पैलवानाला पोराच्या चपला घातल्यासारखे दिसायला लागले. मग मी टायर निवडले. कसे? दिसायला भारी म्हणून. सगळ्या चुका या एका वाक्यात आल्या.

टायरवरचा आकडा वाचायला शिका. माझ्या गाडीवर मूळचा आकडा होता २६५/७० आर १७. म्हणजे टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. त्याच्या ७० टक्के इतकी रबराची उंची, म्हणजे साधारण १८५ मिलिमीटर. आणि रिमचा व्यास १७ इंच. रिम अधिक वरचं रबर अधिक खालचं रबर, बेरीज ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच व्यास. मी घेतले ३१५/७० आर १७. त्यांचा व्यास ३४.४ इंच.

आता सर, तुमचं गणित. 'बैलगाडीच्या चाकाची त्रिज्या अमुक, तर तमुक अंतर जायला चाकाचे किती फेरे होतील?' चाचणी परीक्षेत मी ते चुकवलं होतं आणि तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलं होतंत. गाडीचा वेग दाखवणारा काटाही तेच गणित करतो. तो फेरे मोजतो आणि परीघ ठरलेला आहे असं धरून वेग सांगतो. मी परीघ जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढवला आणि काट्याला कळवलंच नाही. महामार्गावर मर्यादा ताशी ६५ मैल. काटा ७० दाखवत होता. म्हटलं, पाचच जास्त आहेत, चालायचंच. प्रत्यक्षात गाडी ७६ ने पळत होती. पोलिसाने थांबवलं. सर, दहावीला तुम्ही कापलेल्या गुणांचा दंड मी डॉलरमध्ये भरला आहे. नंतर काट्याला नवा व्यास शिकवून घेतला. मोठे टायर टाकणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी करायचं असतं.

त्रिज्या वाढली की आणखी दोन गोष्टी होतात. इंजिनाला चाक फिरवायला जास्त जोर लागतो. माझ्या मागच्या आसाचं गुणोत्तर ३.७३ होतं, ते जणू ३.४३ झालं. चढावर गाडी दम टाकायची आणि सारखा गिअर बदलायची. आणि ब्रेक तेच राहतात. ब्रेक चाकाला जेवढा पीळ देतो तेवढाच देणार, पण त्रिज्या मोठी असल्याने रस्त्यावर पोचणारा रेटा तेवढ्या प्रमाणात कमी. त्यात मोठा टायर वजनानेही जड. जड चाक फिरवणं जितकं कठीण, तितकंच थांबवणंही.

मग एवढं करून मिळतं काय? हे मला फार उशिरा समजलं. लिफ्टने गाडीचं शरीर उचललं जातं. मागच्या आसाच्या मध्यभागी असलेला लोखंडी गोळा मात्र होता तिथेच राहतो, आणि खडक बहुधा त्यालाच लागतो. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो, तोही व्यासाच्या वाढीच्या निम्माच. माझे टायर २.८ इंचांनी मोठे, म्हणजे गोळा वर आला १.४ इंच. एवढ्यासाठी ब्रेक, गिअर आणि पेट्रोल तिन्ही बिघडवून घेतलं होतं.

दुसरी चूक रिमची. आधी एका ओळखीच्या माणसाकडून त्याच्या टोयोटाच्या रिम स्वस्तात घेतल्या. सहा नट त्याला, सहा नट मला. बसतीलच की! पण टोयोटाची सहा भोकं १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आणि माझ्या फोर्डची १३५ मिलिमीटरच्या. साडेचार-पाच मिलिमीटरचा फरक. रिम परत. मग नव्या घेतल्या, नऊ इंच रुंद. तिथे ऑफसेट नावाचा आकडा असतो. रिमचा जो भाग हबला टेकतो, तो रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, ते हा आकडा सांगतो. माझा मूळचा अधिक ४४, नव्याचा उणे १२. शिवाय रिम दीड इंचाने रुंद. सगळं मिळून चाकाची बाहेरची कड प्रत्येक बाजूला ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच बाहेर आली. दिसायला काय रुबाब! पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला खसाखसा घासायचा, बेअरिंगवर भलत्या जागी ओझं यायचं, आणि उडालेले खडे दरवाजांचा रंग खरवडायचे.

आता जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही.

त्या रिम मी घरीच, अंगणात बसवल्या. हातात साधा पाना. जोर लावला, घट्ट वाटलं, झालं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, आठवडाभराने, मी आणि मुलगा लव्हलँड पास उतरत होतो. ही खिंड जवळपास बारा हजार फुटांवर आहे. रस्ता डांबरी, पण आपल्या कुंभार्ली घाटासारखी वळणं आणि कड्याच्या बाजूला कठडा नाही. मुलगा नऊ वर्षांचा, शेजारी बसून बडबडत होता. स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवायला लागली. वाटलं रस्ता खराब असेल. मग खालून टक टक आवाज आला. मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरी वाजतंय." सुदैवाने पुढच्या वळणावर गाडी घ्यायला जागा होती. उतरून पाहिलं, तर डाव्या पुढच्या चाकाच्या सहा नटांपैकी एक जागेवर नव्हता, दोन बोटांनी फिरत होते आणि उरलेले तीनही ढिले होते.

मी किती वेळ त्या चाकाशी बसून होतो, सांगता येत नाही. हात थंडीने कापत होते असं मुलाला सांगितलं.

कारण साधं होतं. नव्या रिमवर रंगाचा जाड थर असतो. तो दबतो आणि नट सैल पडतात. शिवाय माझ्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, मधली पोकळी भरणारी कडी मी टाकलीच नव्हती, त्यामुळे चाक बरोबर मध्यावर बसलंच नव्हतं. नट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायचे असतात. माझ्या गाडीला १५० फूट-पाउंड. एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे. आणि शंभरेक मैल चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं. मी ते उघडलं नव्हतं.

त्या रविवारी अण्णांना फोन केला. सांगणार नव्हतो, पण सांगितलं. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून एक लोखंडी खीळ असते, तिला कुणी म्हणतात. गाडी कोणाचीही असो, आमच्या दारातून निघताना अण्णा दोन्हीकडच्या कुण्या हाताने चाचपायचे, मगच बैल हलायचे. गाडीवाले हसायचे. अण्णांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुणी पाहिली नव्हतीस का निघताना?" मी म्हटलं, "अण्णा, इथे कुणी नसते, सहा नट असतात." ते म्हणाले, "सहा आहेत म्हणून एकाकडेही बघितलं नाहीस."

पुढच्याच महिन्यात मी ते टायर-रिम विकले आणि या वेळी आधी स्वतःला प्रश्न विचारले. मी वाहतो काय? तंबू, पाणी, दोन-तीन माणसं. जातो कुठे? दहातले नऊ दिवस डांबरावर, एक दिवस खडकाळ वाटेवर, आणि हिवाळ्यात बर्फात. मग चिखलाचे दातेरी टायर कशाला? मोठ्या ठोकळ्यांचे ते टायर चिखलात उत्तम, पण गुळगुळीत बर्फावर घसरतात आणि डांबरावर कान किटवतात. मी दोन्हीकडे चालणारे ऑल टेरेन घेतले, ज्यांच्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. ते चाचणी उतरलेल्या बर्फाच्या टायरवरच छापतात. माप २८५/७० आर १७, व्यास ३२.७ इंच, म्हणजे मूळच्यापेक्षा साडेतीन टक्केच जास्त. मूळच्या साडेसात इंची रिमवर ते बसतात. भार क्रमांक ११६, म्हणजे एका टायरला १२५० किलो. त्याहून जाड, १४५० किलोचे मिळत होते, पण मला वाळू वाहायची नव्हती. हवेचा दाब दारावरच्या पट्टीवरून नाही, तर नव्या टायरच्या भाराच्या तक्त्यावरून ठरवला. आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घेतली. गाडी आता तेवढी रुबाबदार दिसत नाही. मुलगा आता तीच चालवतो.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी हे लक्षात घे की आपल्याकडे कंपनीच्या नोंदलेल्या मापापेक्षा गाडीत वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे गाडी उंच करण्याचा विचार आरटीओत आणि विमा कंपनीत विचारल्याशिवाय करू नकोस. टायर घेताना कंपनीने दिलेल्या मापातलाच, चांगल्या जातीचा घे. त्याचा भार क्रमांक मूळच्यापेक्षा कमी नको. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते बघ: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नव्याच्या भावात घेऊ नकोस. आणि शंभर-दीडशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासून घे.

अण्णा २०१९ मध्ये गेले. त्यांनी माझा ट्रक कधी पाहिला नाही. पण निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि चारही चाकांना हात लावायचा, ही सवय आमच्या घरात आता तिसऱ्या पिढीत आहे. मुलगा त्याला 'कुणी बघणं' म्हणतो. त्याच्या अमेरिकन मित्रांना वाटतं, हा काहीतरी धार्मिक विधी आहे.

आज संध्याकाळी तुम्ही सगळे आपापल्या गावी निघाल. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणाला घाट उतरायचा आहे. निघताना एक फेरी मारा. आणि सर, ते फेऱ्यांचं गणित मला आता येतं. हवं तर फळ्यापाशी बोलवा.