आप्पासाहेब भोसल्यांचा लढा

नागपूरच्या मध्यवस्तीत सीताबर्डीचा किल्ला उभा आहे. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. ज्या टेकडीवर हा किल्ला बांधला, तिथे 1817 च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या राज्याचं भवितव्य ठरलं.

त्याआधी, मे 1816 मध्ये, भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. कारभार आपला, पण फौज इंग्रजांची आणि तिचा खर्चही आपणच द्यायचा! शिवाय दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स यांचा सल्ला डावलायची सोय नाही. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांना हा तह लवकरच जाचू लागला. तिकडे पुण्यात पेशवे इंग्रजांशी लढायला उभे राहिले, आणि आप्पासाहेबांनी त्यांच्याकडून सेनापतिपदाची वस्त्रं जाहीरपणे स्वीकारली.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी इंग्रजांकडून घेतली. इंग्रजांची तुकडी संख्येनं फार लहान होती, तरी तिच्या घोडदळानं ऐन वेळी हल्ला चढवला आणि लढाई फिरली. मला वाटतं, या पराभवापेक्षा पुढचा इतिहास जास्त सांगण्याजोगा आहे. पुढे इंग्रज त्यांना अटक करून अलाहाबादकडे नेत असताना आप्पासाहेब निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला, साथही दिली. अखेर 1840 मध्ये जोधपूरच्या आश्रयात त्यांचं निधन झालं.

नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी आले. 1853 मध्ये ते निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं.