दुधाळ रक्त आणि हिमोग्लोबिनचा आकडा



रक्त तपासून आले म्हणजे आपण सारे प्रथम हिमोग्लोबिनचा आकडा पाहतो, आणि तो बरा असला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. आम्हांला आज सांगावयाचे आहे ते हे की, रक्तात चरबी फार वाढलेली असेल तर हा आकडा असतो त्याहून मोठा दिसू शकतो.

असे का व्हावे? यंत्रात तांबड्या पेशी एका द्रावणाने फोडतात व त्या लाल पाण्यातून हिरवा प्रकाश सोडतात. अनेक यंत्रांत त्याची तरंगलांबी सुमारे ५४० नॅनोमीटर असते. हिमोग्लोबिन जितके अधिक, तितका प्रकाश कमी पार जातो. परंतु रक्तातील द्रव ट्रायग्लिसराइडने दुधासारखा गढूळ झालेला असला, तर चरबीचे कणही प्रकाश विखुरतात. यंत्र बिचारे काय जाणे! अडलेला सगळा प्रकाश ते हिमोग्लोबिनच्याच खात्यावर मांडते. (नुसते कोलेस्टेरॉल वाढल्याने मात्र रक्त असे दुधाळ होत नाही; ते वाहणारे कण फार बारीक असतात.)

समजा, एका मधुमेही गृहस्थांचे खरे हिमोग्लोबिन ९ ग्रॅम आहे आणि रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा २७. यंत्राने दाखविले ११.५. पंडुरोग बराचसा झाकला गेला! पण ११.५ ला २७ ने भागून शंभराने गुणले तर ४२.६ येतात. अहवालात 'एमसीएचसी' म्हणून छापतात तो हाच आकडा, आणि तो एरवी ३२ ते ३६ असतो. पेशीत एवढे हिमोग्लोबिन मावतच नाही. हा आकडा चढण्याची इतरही कारणे आहेत. पण जाणता तपासनीस येथे थबकतो, नळी यंत्रात गरगर फिरवून वरचा दुधाळ द्रव काढतो, तेवढेच सलाइन घालतो व पुन्हा मोजतो.

जेवणानंतर काही तास रक्त थोडे दुधाळ असतेच. बारा तास उपाशी राहूनही ते तसेच राहिले, तर ट्रायग्लिसराइड मोजून घ्यावे. ते १५० मिलिग्रॅमच्या आत हवे. हजारावर गेले तर स्वादुपिंडाला एकाएकी सूज येण्याचे भय असते. म्हणून अहवालावर 'लायपेमिक' असा शेरा दिसला, तर हिमोग्लोबिन पुन्हा मोजले काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.