हृदयशस्त्रक्रिया आणि दृष्टी



हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर क्वचित एखाद्या रुग्णाची दृष्टी हरपते. डोळा दुखत नाही. म्हणून घरची मंडळी ती भुलीची गुंगी समजतात. वस्तुतः रक्तदाब उतरल्याने किंवा रक्त फार कमी झाल्याने दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा खुंटतो, अथवा सूक्ष्म गुठळी दृष्टिपटलाची रक्तवाहिनी अडवते. नेत्रदान श्रेष्ठ खरे. परंतु त्याने बुबुळावरील पारदर्शक पटल बदलता येते, सुकलेली नस नव्हे.

म्हणून मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांचे जुने विकार शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावेत. रुग्ण शुद्धीवर येताच एकेका डोळ्याने दिसते का, हे विचारावे. अंधुक दिसल्यास तत्क्षणी डॉक्टरांना कळवावे. संकोचात गेलेली घटका परत येत नाही. जयणा रुग्णाच्या उशाशीही पाळावयाची असते.