कोपऱ्यातलं नाव



सॉफ्टवेअरवाली म्हणजे आता एआयवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी पक्ष्यांच्या एका चित्रावर बोलणार आहे. चहाच्या आत संपवते.

माझ्या घरी हिमालयातल्या पक्ष्यांच्या एका जुन्या चित्राची प्रत आहे. मूळ चित्र जॉन गूल्ड यांच्या ग्रंथातलं. १८३० ते १८३२ या काळात लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथात ८० चित्रांत मिळून शंभर पक्षी आहेत. चित्रं दगडावर उतरवली ती त्यांच्या पत्नीने, एलिझाबेथने. हिमालय तिने पाहिला नव्हता. समोर तिकडून आलेली सुकवलेली कातडी आणि नवऱ्याने काढलेलं कच्चं रेखाटन. त्यावरून चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने पक्षी उलटा काढायचा, म्हणजे कागदावर तो सुलटा उमटतो. छपाई फक्त काळी. मग एकेक कागद हाताने जलरंगात रंगवायचा. जितक्या प्रती, तितक्या वेळा तोच निळा, तीच चोच! कॉपी-पेस्टवर पोट भरणाऱ्या मला हे वाचूनच दमायला झालं.

ग्रंथावर नाव जॉनचं. चित्राखाली बारीक अक्षरांत 'ई. गूल्ड'. रंगवणाऱ्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. डार्विनच्या बीगल प्रवासातल्या पक्ष्यांची ५० चित्रंही तिनेच दगडावर उतरवली, गालापागोसच्या त्या प्रसिद्ध फिंच पक्ष्यांसकट. १८४१ साली, आठव्या बाळंतपणानंतर, वयाच्या ३७व्या वर्षी ती गेली. आपल्या शिंजिराचा हिमालयातला एक भाऊबंद तिच्या नावाने ओळखला जातो. तेही 'मिसेस गूल्ड' म्हणून.

आमच्या कामात कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद आपोआप राहते. शाळेच्या भिंतीवर ती राहत नाही. आज सकाळी प्रयोगशाळेत पक्ष्यांचे आपले जुने तक्ते पाहिले. पोपटाचा हिरवा अजून टिकलाय. खाली फक्त 'इयत्ता नववी ब'. प्रदर्शनात छडी घेऊन माहिती सांगायला मुलगे उभे होते (हसू नका, त्यातले दोघे पहिल्या रांगेत आहेत). तक्ते काढणाऱ्या चौघीजणी होत्या. एक आज इथे आहे, दोघींचा पत्ता लागला नाही आणि एक आता या जगात नाही.

चित्रकलेच्या बाईंना चारही नावं आठवतात, मी विचारून घेतलंय. स्मरणिका छापायला जाण्याआधी ती त्यात घाला, आणि तक्त्यांवरही लिहा. बाई, अक्षर मात्र तुमचंच हवं.