मालक केव्हा हसतो, केव्हा चिडतो



इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. गॅरी लिनेकर हा बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाचा निवेदक होता. लेस्टरचा संघ लीग जिंकला तर नुसत्या चड्डीवर कार्यक्रम करीन, असं त्याने जाहीर केलं. संघ जिंकला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तो खरोखरच तसा पडद्यावर आला. नोकरीला धक्का लागला नाही. एखाद्या निवेदिकेने हेच केलं असतं तर?

मार्च २०२३ मध्ये त्याने सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर टीका केली. आता मात्र बीबीसीने त्याला बाजूला केलं. पण इयन राइट, अॅलन शिअरर, अॅलेक्स स्कॉट या सहकाऱ्यांनी काम नाकारलं. शनिवारचा कार्यक्रम समालोचनाविना २० मिनिटांत आटोपला. सोमवारी त्याला परत घेतल्याचं जाहीर झालं.

आमच्या वस्तीतल्या एका ताईला, मोर्चात दिसली म्हणून दुकानातून काढलं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी होती. तिचा दोष नाही. तिलाही चूल पेटवायची होती. चूक माझी. मी एकटीच मालकाकडे गेले, दुकानातल्या बायकांना भेटलेच नाही. पुढच्या वेळी आधी त्यांच्याकडे जाऊ या.